पांढऱ्या कापडाखाली

"हे बघ, आता तू हलायचं नाहीस. पाणी हलेल, जहाज हलेल, माणसं तर आडवीच होतील. पण तू नाही."

हा आवाज ऐकला त्याला किती वर्षे झाली, कोण जाणे. तो जहाजावरच्या सुताराचा आवाज होता. दातांत स्क्रू धरून तो बोलत होता, म्हणून प्रत्येक शब्दाच्या शेवटी बारीकशी शिट्टी वाजे. त्याने माझा एकुलता एक जाड पाय जमिनीवर ठेवला, बोल्ट घातले आणि अंगातले सगळे बळ लावून पान्याने आवळले. शेवटचा आटा बसला तेव्हा माझ्या पायातून एक थरथर वर चढली. जहाज अजून धक्क्यालाच बांधलेले होते. तरी त्याच्या पोटात काहीतरी जागे होते.

मित्रांनो, मी एक जुने टेबल आहे. एका मोठ्या, श्रीमंती प्रवासी जहाजाच्या जेवणघरातले, खिडकीजवळचे, दोघांपुरते टेबल. आणि तुम्हाला म्हणून सांगतो, त्या पहिल्या थरथरीपासून मला भीती वाटते.

तुम्ही म्हणाल, टेबलाला कसली आली आहे भीती? अहो, खुर्ची घसरू शकते. ग्लास पडून फुटू शकतो, फुटला की सुटला. मला मात्र जे काही होईल ते उभ्या उभ्या सोसायचे असते. खाली इंजिनाने श्वास चुकवला, तर तो आधी माझ्या पायाला कळतो. दूरवर लाट उठली, तर माणसांच्या पोटात गोळा येण्याआधी माझ्या लाकडात येतो. आणि हे सगळे कळूनही माझ्या तोंडून शब्द फुटत नाही.

माझे लाकूड सागाचे. कोणत्या रानात मी वाढलो, कोणत्या पाखरांनी माझ्यावर घरटी केली, ते आता आठवत नाही. करवत आठवते. रंध्याखाली सुटलेल्या माझ्याच सालपटांचा वास आठवतो. मग पॉलिश झाले, आणि कडेला पितळेची पट्टी आली. ती बिजागरीवर उभी करता येई. वादळात ताटे खाली पडू नयेत म्हणून केलेला तो छोटासा कठडा. पितळ चकाकत होते, पण मला तेव्हाच वाटले, ज्याला कठडा लावतात त्याच्या नशिबी कडेलोट असणार.

जेवणघराचा थाट काय सांगू! छताला काचेची झुंबरे, पायाखाली असा गालिचा की पाऊल वाजता वाजत नसे. चांदीचे काटे-चमचे फूटपट्टीने मापून ठेवलेले. कोपऱ्यात पियानो. वरच्या मजल्यांवर राहायच्या खोल्या होत्या. त्या मी कधी पाहिल्या नाहीत, पण जेवायला येणाऱ्यांच्या बोलण्यातून मला त्यांचा कोपरान् कोपरा ठाऊक झाला. कुणाच्या खोलीला स्वतःचा सज्जा, कुणाच्या न्हाणीघरातून समुद्र दिसे, कुणाच्या उशीवर रोज संध्याकाळी चॉकलेट ठेवलेले असे.

माझे खूप कौतुक झाले. "खिडकीजवळचं ते टेबल मिळेल का?" असे लोक आधीपासून विचारून ठेवत. पण गंमत बघा, माझे तोंड कुणीच पाहिले नाही. मी सदैव पांढऱ्याशुभ्र कापडाखाली. त्या कापडाच्या वर सगळे हसू असे आणि खाली हात असत.

खालचे हात फक्त मला दिसले, मित्रांनो. वर एक गृहस्थ मोठमोठ्याने विनोद सांगत असत आणि खाली, जहाज जरा कलले की, त्यांची नखे माझ्या लाकडात रुतत. वर एक नवी नवरी लाजत असे आणि खाली आपलीच बोटे मोडून मोडून लाल करत असे. माणसे भीती कुठे ठेवतात, असे मला कुणी विचारले तर मी सांगेन, मांडीवर, रुमालाच्या घडीखाली.

समुद्र खवळणार असला की तिथे एक रीत होती. वाढपी पाण्याचे भांडे घेऊन येत आणि पांढऱ्या कापडावर पाणी शिंपडत. ओल्या कापडावर बशी घसरत नाही. पाहुण्यांना त्याची मौज वाटे. मला नाही. पाणी झिरपत झिरपत माझ्या अंगाला टेकले की मला कळे, ती निघाली आहे. लाटेमागून लाट, लाटेमागून लाट, आणि मधे मी, जागच्या जागी.

दुसरीही एक रीत होती, आणि ती पाण्याहून वाईट निघाली. त्या जहाजावर कुणाचे ताट भरलेले परत गेले, तर ते भांडी घासायच्या मोरीत जात नसे. ते थेट मोठ्या शेफसमोर ठेवायचे. मग शेफ स्वतः, उंच पांढरी टोपी घालून, त्या टेबलापाशी येत आणि हात जोडल्यासारखे करून विचारत, "आमचं काय चुकलं?" पाहुणे सुखावून जात. "केवढी ही आस्था!" म्हणत. शेफही खोटे नव्हते. भरले ताट परत आले की त्यांना खरोखर झोप लागत नसे.

अशात एका सफरीला माझ्याकडे दोन बहिणी आल्या.

धाकटी थोरलीला अक्का म्हणे. अक्काने जन्मभर टेलिफोन ऑफिसात नंबर जोडून देण्याची नोकरी केली होती. दुसऱ्यांची बोलणी जोडून द्यायची आणि स्वतः गप्प बसायचे, हे तिच्या अंगवळणीच पडले होते. आई गेल्यावर तिनेच धाकटीला लहानाचे मोठे केले. लग्नाचे नाव काढले नाही. आता धाकटीचे कपड्यांचे चांगले दुकान होते आणि अक्काला एकदा तरी राणीसारखे मिरवायचे, हा ध्यास घेऊन ती बहिणीला जहाजावर घेऊन आली होती. अक्का लाडात आली की तिला ठमे म्हणे.

"अक्का, बघ तरी! नॅपकिनचं कमळ केलंय."

"बघितलं. आता हे मोडायचं म्हणजे पाप."

"मोड गं. इथे पापसुद्धा तिकिटात धरलंय."

दोघी खळखळून हसल्या. धाकटीने विचारले, "झोप कशी लागली?"

"ती गादी आहे की काय आहे? रात्रभर मी स्वतःलाच शोधत होते."

"पाठ दुखली का?"

"पाठ सापडली की सांगते."

किती गोड हसत होती अक्का! आणि त्याच वेळी कापडाखाली तिचे दोन्ही हात हळूच माझ्या कडेला आले.

मासा आला. लोण्यात परतलेला, वर हिरवी पाने. अक्काने शेंगेच्या दाण्याएवढा तुकडा तोंडात घातला. बोटे माझ्या कडेभोवती घट्ट झाली. घास खाली गेला, बोटे सैल पडली. दुसरा तुकडा. बोटे पुन्हा घट्ट. या वेळी ती सैल होईनात. वर तिने पाणी प्यायले, खिडकीबाहेर पाहिले, रुमाल ओठांना लावला. खाली मी वाट पाहत होतो. कितीतरी वेळाने बोटे सुटली. रुमाल मांडीवर गेला आणि तिथून, आत काहीतरी गुंडाळून, पर्समध्ये.

तेव्हा मला समजले. या बाईच्या घशाखाली अन्न उतरत नव्हते. आणि ते ती बहिणीपासून लपवत होती.

अशा बाईला कुठे आणून बसवले होते बघा! जिथे दिवसभर खायचे, आणि खाल्ले की नाही यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचे, अशा जागी. तिचे ताट भरलेले परत गेले आणि शेफ आले.

"बाई, मासा आवडला नाही का?"

"छे छे! फार सुरेख होता. पोटच भरलं."

"मग उद्या तुमच्यासाठी वेगळं काहीतरी करतो."

दुसऱ्या दिवशी वेगळे आले. तेही परत गेले. मग त्याहून वेगळे. जहाजातले ते सगळे प्रेम ताटांवर ताटे होऊन तिच्याकडे चालून येऊ लागले, आणि प्रत्येक झाकण उचलताना कापडाखालचे हात थंडगार पडू लागले. लाटेची मला सवय झाली होती. या भीतीची होईना.

धाकटी चेष्टा करी. "काय गं, चिमणीसारखं टिपतेस! घरी माझ्या ताटातलं उरलेलंही संपवायचीस."

"वय झालं ठमे. इंजिन जुनं, कोळसा कमी लागतो."

माझ्यापाशी वाढणाऱ्या वाढप्याला खलाशी मंडळी मामा म्हणत. केस पिकलेला, चालताना गुडघा किंचित वाकडा टाकणारा माणूस. त्याला काय ते उमगले नव्हते, पण काहीतरी दिसले होते. फडताळापाशी तो सोबत्याला म्हणाला, "कवळी नवी असेल बाईंची. बोचत असेल." आणि न बोलता तो अक्कासाठी सूप गाळून आणू लागला. भाज्या मऊ कुस्करून आणू लागला.

"मामा, तुम्हाला कसं कळलं हो?" अक्काने हळूच विचारले.

"मला कुठे काय कळतं, मोठ्या बाई? आम्हाला बशीकडे बघायची परवानगी आहे. माणसाकडे नाही."

अक्का हसली. त्या दिवशी तिची बोटे पहिल्यांदा माझ्या कडेवर नुसती टेकून राहिली, धरून नाही. मलाही जरा बरे वाटले. थोडे दिवस असेच निघतील, असे वाटू लागले.

पण धाकटीने ते पाहिले आणि तिचा पारा चढला. आपण बहिणीला राणी करायला आणले आणि हे लोक तिला आजाऱ्यासारखे भरवतात! तिने हॉलच्या मॅनेजरला बोलावून घेतले.

"हे काय चालवलंय? सगळ्यांना भाजलेलं, तळलेलं, आणि माझ्या बहिणीला हे असलं गिळगिळीत? तिला काय म्हातारी समजता तुम्ही?"

मॅनेजर मामाकडे वळले. मामाने मान खाली घातली. अक्काचे तोंड उघडले. एक शब्द, मित्रांनो, एकच शब्द पुरला असता. कापडाखाली तिचे तळवे माझ्या अंगाला चिकटले, घामाने ओले. मग तोंड मिटले.

मामाला दुसऱ्या टोकाला, स्वयंपाकघराच्या दाराशेजारी पाठवले. तिथे कुणी बसायला तयार नसे.

"त्या माणसाची चूक नव्हती गं," अक्का नंतर म्हणाली.

"मग कुणाची होती?"

अक्का खिडकीकडे वळली. "पाणी बघ कसं काळंनिळं झालंय."

धाकटी शाल आणायला खोलीवर गेली, तेव्हा अक्का एकटीच होती. तिने गळ्यावर हात ठेवला आणि पुटपुटली, "एवढी सहल होऊ दे. तिच्या आनंदात माती कालवायची नाही." ती हे कुणाला सांगत होती, ठाऊक नाही. ऐकणारा फक्त मी होतो.

यापुढचे सांगायला मला धीर होत नाही. म्हणून आधी माझे सांगून टाकतो.

ते जहाज पुढे जुने झाले. जेवणघर नवे करायचे ठरले आणि माझे बोल्ट गंजलेले म्हणून ठोकून काढले. ज्याला हलायचे नाही म्हणून सांगितले होते, त्याला माणसांनी ढकलत धक्क्यावर नेले. आता मी जहाजांचे मोडके सामान विकणाऱ्या दुकानाच्या मागच्या शेडमध्ये आहे. माझ्यावर रंगाचे डबे ठेवतात. डब्यांच्या बुडाचे गंजके गोल माझ्यावर उमटले आहेत. पितळेची पट्टी कुणीतरी उचकटून नेली. पांढरे कापड नाही, त्यामुळे माझे तोंड आता उघडे आहे, पण बघायला कुणी येत नाही. छप्पर गळते. पाण्याचा थेंब अंगावर पडला की मी अजून दचकतो. वाटते, ती निघाली.

तुमच्या घरातल्या जुन्या टेबलावरून कधी कोरडे फडके फिरवा, त्याला बरे वाटेल. पण माझे खरे मागणे तेवढेच नाही. तुम्ही जेवायला बसाल तेव्हा आपल्या माणसाच्या ताटाकडे बघाच, पण नंतर त्याच्या तोंडाकडेही बघा. कुणी नुसतीच बोटे फिरवत असेल, "पोट भरलं" असे फार गोड हसून सांगत असेल, तर आणखी वाढू नका. जवळ सरका. हात हातात घ्या. हात खरे बोलतात.

आता ती दुपार.

सफरीतले शेवटचे मोठे जेवण होते. सकाळपासून आभाळ खाली आले होते आणि जहाज लांब लांब झोके घेत होते. वाढप्यांनी कापडावर पाणी शिंपडले, पितळी कठडे उभे केले. अर्धे पाहुणे खोल्यांत आडवे झाले होते. धाकटीने मात्र हट्ट धरला, "शेवटचं जेवण आहे अक्का, चुकवायचं नाही." अक्का भिंत धरत धरत आली. ओले कापड माझ्या अंगाला गार गार चिकटले होते. त्याखाली तिचे हात त्याहून गार.

आणि शेफ निघाले. हातात झाकलेली चांदीची थाळी, मागे चार वाढपी. झोक्याबरोबर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे तोल सावरत ते सरळ माझ्याकडे आले. सारे जेवणघर बघू लागले.

"बाई, तुम्ही सगळं परत पाठवलंत. पण हे नाही पाठवणार. सकाळपासून मंद आचेवर ठेवलंय. पहिला घास माझ्यासमोर घ्या."

झाकण उचलले. मांसाची एक गोल वडी, वर चमकता रस.

"घे ना अक्का," धाकटी म्हणाली. "एवढा मोठा माणूस उभा आहे."

अक्काने शेफकडे पाहिले. त्यांच्या कपाळावर घाम होता. मग तिने बहिणीकडे पाहिले. मग ती हसली. मी त्या हसण्याला फार घाबरतो, मित्रांनो. तिने घास घेतला.

बोटे माझ्या कडेला आली. घट्ट झाली. तशीच राहिली.

तिचे डोळे मोठे झाले, पाण्याने भरले. "बघा!" शेफ म्हणाले, "डोळ्यांत पाणी आलं!" कुणीतरी टाळी वाजवली. मग शेजारच्या टेबलाने वाजवली. पियानोवाल्याने एक आनंदाची लकेर काढली. टाळ्या, टाळ्या, टाळ्या, आणि त्या सगळ्याखाली, ओल्या कापडाखाली, दोन मुठी माझ्या लाकडावर आपटत होत्या. धप. धप. धप. आवाज टाळ्यांत बुडत होता. मी काय करू? मला हात नाही, घसा नाही. माझ्याजवळ फक्त लाकूड होते. ते ठोके मी अंगभर वाहू दिले, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

त्या टोकाला धाकटीचा हात टेकलेला होता.

टाळी वाजवायला उचललेला तिचा दुसरा हात हवेतच थांबला. तिने टेबलाकडे पाहिले. मग अक्काकडे. ओठ निळे पडत होते.

"अक्का!"

खुर्ची आडवी झाली. तिने बहिणीला पुढे वाकवले आणि दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताने मारले. पुन्हा मारले. जहाज कलले, दोघी माझ्यावर आदळल्या. पुन्हा मारले. घास बाहेर पडला. अक्काने श्वास ओढला तेव्हा भोक पडलेल्या भात्यासारखा आवाज झाला.

सगळे थिजले होते. शेफच्या हातातले झाकण खाली पडून गालिच्यावर गोल गोल फिरत राहिले. दाराशेजारून मामा पाणी घेऊन वाकड्या गुडघ्याने धावत आला.

"काही नाही," अक्का घोगऱ्या आवाजात म्हणाली. "ठसका लागला नुसता. बसा, जेवा सगळे."

लोकांनी सुस्कारे सोडले. एकजण हसलासुद्धा. झाले, आता हेही रुमालात गुंडाळून पर्समध्ये जाणार, असे मला वाटले.

धाकटी उभीच होती. तिने काटा उचलला, अक्काच्या ताटातल्या वडीचा तुकडा तोडला आणि स्वतःच्या तोंडात टाकला. चावायची गरजच पडली नाही. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"अक्का, हे लोण्यासारखं आहे. जिभेवर ठेवलं की विरघळतं." तिचा आवाज खाली आला. "हे कसं अडकलं तुझ्या घशात?"

अक्का धाकटीच्या गळ्याकडे बघत होती. घास तिथून खाली उतरताना बघत होती, एकटक, जणू तो उतरेल की नाही याचीच धास्ती होती.

"बस आधी," ती म्हणाली.

धाकटी बसली. तिने कापडाखाली हात घातला आणि बहिणीचे हात शोधले. इतक्या वर्षांत माझ्या कडेला धरलेले हात कुणी सोडवून घेतलेले मी प्रथमच पाहिले. बाहेर एक लाट खिडकीवर फुटली. कुणीही तिकडे वळून पाहिले नाही.

"ठमे, आई तापानं गेली असं मी तुला सांगत आले. ताप नव्हता गं तिला. तू एवढीशी होतीस, काय सांगणार होते मी? तिला घास उतरत नव्हता. आधी कोरडं जाईना, मग मऊ जाईना, मग पाणीसुद्धा. मी चमच्यानं भरवायची आणि ते परत यायचं. उन्हाळ्यापासून माझंही तसंच सुरू झालंय, अगदी तसंच. मला भीती वाटते गं. माझी वाटते, आणि उद्या तुझंही असंच झालं तर, याची त्याहून जास्त वाटते."